हस्तरदेवांस अनावृत पत्र

श्री. हस्तर,
विहिरीचा तळ, मु. पो. तुंबाड

वाशिम जिल्ह्यातल्या एका सोयाबीनवाल्याचा रामराम. तुमची पूजा करायला बंदी आहे, म्हणून दंडवत घालत नाही.

तुमचा ‘तुंबाड’ चित्रपट २०१८ साली आला, तेव्हा बघायचा राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा बघितला. काही शंका आहेत, रागावू नका.

गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधलं. त्या कादंबरीत जगबुडी नदी आहे, तुम्ही कुठंच नाही. घर कोकणातलं, बिऱ्हाड पुण्याला, साल १९१८. तरी मायलेकरं आपसात हिंदी बोलतात. शापानं जखडलेली म्हातारीसुद्धा! बरं, त्या म्हातारीचं आणि नायक विनायकरावांच्या मुलाचं, पांडुरंगाचं, काम एकाच मोहम्मद समदनं केलंय. ते मात्र आम्हाला ओळखू आलं नाही, मान गये.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे खऱ्या पावसासाठी पावसाळ्यामागून पावसाळे थांबले म्हणतात. मग एवढ्या पावसात गावात कुणी पेरलेलं का दिसत नाही? वापसाच झाला नाही का?

शिवाय १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. विनायकराव वर्षानुवर्षं तुमच्या लंगोटीतल्या मुद्रा ओढत राहिले, एक अर्ज नाही. आम्हाला पीकविम्याला सतरा कागद लागतात.

सगळ्यात मोठी शंका बाहुल्यांची. तुम्हाला भुलवायला कणकेची एक बाहुली नेली तर एक हस्तर येतो. पुष्कळ नेल्या तर तितकेच हस्तर! आमच्याकडे माल वाढला की गिऱ्हाईक वाढत नाही, भाव पडतो.

म्हणून सरळ व्यवहाराचं बोलतो. तुमच्याकडे सोनं आहे, धान्य नाही. आमचं उलटं. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात त्याहून कमीच हातात पडले. तुम्ही धान्याकडे हात नेला तर सगळे देव तुमच्यावर तुटून पडले. आम्ही तर ते पिकवतो. आमच्यावर कोण कोण तुटून पडतं, ते विचारू नका.

सोयाबीनचं पीठ चालत असेल तर कळवा. ओलावा बारा टक्क्यांच्या आत आहे. मधे अडत्या नको, आणि वजनकाटा आमचा.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक