रा. रा. नऊ यांस अनावृत पत्र

रा. रा. नऊ यांस,
सा. न. वि. वि.

आपला सध्याचा मुक्काम कुठे हे कळायला मार्ग नाही, म्हणून पत्र उघडंच धाडतो आहे. २०१३ साली विंडोज ८.१ आली तेव्हा पुढचा नंबर आपला, हे बिगरीतलं पोरही सांगू शकलं असतं. पण ३० सप्टेंबर २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केली ती थेट विंडोज १०. जुने प्रोग्राम ९५ आणि ९८ ओळखायला नुसतं ‘विंडोज ९’ एवढंच तपासतात, त्यामुळे आपण आलात तर घोटाळा होईल, अशी एक अफवा तेव्हा फिरत होती. खरीखोटी देव जाणे. थोरल्या चुलत्यांच्या तोंडवळ्यापायी पुतण्याचं लग्न मोडावं, तशातली गत.

२०१७ मध्ये ॲपलने तर आयफोनच्या आठाला बोहल्यावर चढवलं आणि त्याच मांडवात रोमन आकड्यातला दहा आणून उभा केला. मी तेव्हा एका मोबाइलच्या दुकानात भाबडेपणाने विचारलं, ‘नाइन कधी येतोय?’ काउंटरवरचा मुलगा स्क्रीनगार्डवरचे बुडबुडे कार्डाने ढकलत होता. मान वर न करता म्हणाला, ‘काका, नाइन नसतोच. एक्स घ्या.’ ‘एक्स नव्हे, टेन म्हणायचं. रोमन दहा आहे तो,’ मी मास्तरकी केली. ‘टेन मागितलंत तर कुणाला कळणार नाही,’ म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. कंपनी टेन म्हणत राहिली आणि जग एक्स.

पण तुमची खरी थट्टा पुढेच आहे. अमेरिकेत त्या फोनची किंमत सुरू होत होती ९९९ डॉलरपासून. नावात ज्याला जागा नाही, त्याला किमतीत तीनदा बसवलं! आमच्याकडेही चपलेपासून टीव्हीपर्यंत सगळ्या पाट्यांवर शेवटी तुम्हीच असता. किंमत दहाला टेकलेली दिसू नये म्हणून तुम्ही हवे, आणि माल दहापर्यंत पोचलेला दिसावा म्हणून तुम्ही नको. आमच्या भाषेत नव म्हणजे नऊ आणि नव म्हणजे नवंही. हे मायक्रोसॉफ्टला कोणी कळवलं नसावं. नाहीतर ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण ऐकून त्यांनी तुम्हाला आणखीच लांब ठेवलं असतं, कारण धंद्याचं गुपितच तुम्ही फोडता.

मन मात्र खट्टू करून घेऊ नका. २०२० साली सॅमसंगने गॅलक्सी एस १० वरून एस २० वर उडी मारली, तेव्हा अकरा ते एकोणीस एका दमात गेले. मोजून पाहा, नऊ जण. आमच्या पिढीने क्लास लावून शिकलेल्या डीबेस या डेटाबेस प्रोग्रामचंही तेच. बाजारात पहिला आला तोच डीबेस टू. वन कधी नव्हताच. पहिलाच माल नवखा वाटू नये, म्हणून जन्मतःच दुसरेपण! आणि विंडोज ७ ही पोटातून ६.१ होती. आजची ११ सुद्धा कमांड देऊन विचारलं तर आपला आकडा १०.० पासूनच सांगते. तेव्हा खोक्यावरचा आकडा म्हणजे नाटकवाल्यांचा फेटा. कंपनी बांधेल तितका उंच.

एकच ठिकाण मला प्रामाणिक वाटतं. डोनाल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामाचा क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या एकेका दशांशाने लांबतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर तो नुसता पाय करावा आणि मग कोणी हात लावू नये, असं त्यांनी लिहूनच ठेवलं आहे. त्यात पाचव्या दशांशस्थानी आपण आहात, आणि तिथून आपल्याला कोणाचा बापही उठवू शकत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुनं गिऱ्हाईक

ता. क. – टॅली ईआरपी ९ मध्ये आपली इतकी वर्षं सोय होती. २०२० मध्ये तिचंही टॅलीप्राइम झालं. आमचे हिशेबनीस अजून ‘नाइन उघडा’ असंच म्हणतात.