घरबसल्या प्रशांत महासागर जिंकण्याची रीत

प्रशांत महासागर जिंकायला बसणाऱ्याने सर्वप्रथम विमानवाहू नौकांवरची नजर काढावी. हे जड जातं. 'वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन' हा संगणकीय खेळ उघडला, जपानची बाजू घेतली, की ७ डिसेंबर १९४१ची तारीख आणि पर्ल हार्बरच्या वाटेवरचा अकागी-कागाचा ताफा पाहून हात शिवशिवतातच. ते आवरून तेलवाहू जहाजांची यादी उघडावी. इथे एक चाल म्हणजे एक दिवस, आणि युद्ध १९४६पर्यंत लांबू शकतं. त्यातले लढाईचे दिवस मोजके. बाकी सारा मालवाहतुकीचा धंदा. म्हणून ॲडमिरलची टोपी खुंटीला टांगून कारकुनाचा चष्मा चढवावा.

पुरावा हवा? १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल तोडलं आणि जपानने दक्षिणेकडे मोर्चा वळवला. तारकान, बालिकपापन, पालेंबांग ही तेलाची ठाणी काही आठवड्यांत हाती आली. घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे. विहिरी बोर्निओ-सुमात्रात, आरमार त्रुक बेटांवरच्या तळाला, कारखाने थेट जपानात. मध्ये पाणबुड्यांचा समुद्र. ८ मे १९४२ हा दिवस पाहा. कोरल समुद्रात अमेरिकेची विमानवाहू नौका 'लेक्सिंग्टन' बुडाली, आणि नौदलाचे हौशी अभ्यासक अजून तिच्यावर वाद घालतात. त्याच दिवशी 'ग्रेनेडियर' या पाणबुडीने क्यूशूच्या नैऋत्येला 'ताइयो मारू' बुडवली. तिच्यावर तेलविहिरी चालू करायला निघालेले शेकडो तंत्रज्ञ होते. विमानवाहू नौका नवी बांधता येते. विहिरीचा जाणकार माणूस कुठल्या गोदीत बांधणार? तेव्हा अशा जहाजाला विनाशिका सोबत द्यावी, भले महाकाय युद्धनौका 'यामातो' बंदरात एकटी रुसून बसो. खुद्द जपानने ताफ्यांच्या रक्षणासाठी वेगळं मुख्यालय उभारलं ते नोव्हेंबर १९४३मध्ये. खेळाडूला हे शहाणपण पहिल्याच चालीत फुकट मिळतं, आणि बहुतेक जण ते नाकारतात.

यावर मिडवेच्या लढाईचं नाव पुढे येणारच: एका दिवसात जपानच्या चार विमानवाहू नौका गेल्या, तिथे तेलाचा काय संबंध? लढाई हरली ती तेलामुळे नव्हे, हे कबूल. पण ती जिंकली असती तरी १९४३पासून अमेरिकेच्या 'एसेक्स' वर्गाच्या विमानवाहू नौका एकामागून एक येणारच होत्या, आणि त्यांना तोंड द्यायचं म्हणजे वैमानिक तयार हवेत. ते तयार करायलाही पेट्रोल लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! १९४४मध्ये जपानी आरमाराला विहिरींच्या जवळ राहण्यासाठी लिंगा आणि तावी-तावीला मुक्काम ठोकावा लागला. शत्रू कुठे आहे यापेक्षा इंधन कुठे आहे, यावरून आरमाराचा पत्ता ठरत होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग हा खेळ कसला, ही तर रोजकीर्द झाली! आक्षेप मान्य. ज्यांना हे सोसवत नाही त्यांच्यासाठी जपानी ॲडमिरल उगाकींची रीत आहे. मिडवेपूर्वी 'यामातो'वर पटावर सराव झाला, फाशांनी अमेरिकी बॉम्बचे नऊ नेम लागल्याचं सांगितलं, तेव्हा पंच म्हणून त्यांनी नवाचे तीन केले, आणि तरीही बुडालेली 'कागा' पुढच्या डावात पुन्हा तरंगवली. तेलाचे आकडेही असेच दुरुस्त करता येतात. फक्त समोरचा खेळाडू चहाला उठेपर्यंत थांबावं.