फिशपाँडवाला

जानेवारी संपत आला की दहावीच्या वर्गात एका पोराचा भाव अचानक वधारतो. वर्षभर त्याला कोणी विचारलेलं नसतं. पहिल्या बाकावर तो नसतो, कारण तिथं बसायला गणित यावं लागतं. शेवटच्या बाकावरही नसतो, कारण तिथं बसायला छाती लागते. तो खिडकीकडच्या रांगेत, मागून तिसरा. मराठीत 82, गणितात 41, आणि प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षकांचा कायमचा शेरा: 'लक्ष नाही'. हा शेरा साफ चुकीचा. लक्ष भरपूर असतं, फक्त फळ्याकडं नसतं. डबा उघडण्याआधी दोन्ही बाजूंना कोण बघतं, प्रार्थनेत नुसते ओठ कोण हलवतं, भूगोलाचे सर 'थोडक्यात सांगतो' म्हणाले की तास संपायला किती वेळ उरलेला असतो, या सगळ्याची नोंद त्याच्या रफ वहीच्या मागच्या पानांवर पक्की असते.

हा वर्गाचा फिशपाँडवाला, म्हणजे निरोप समारंभात वाचायचे दोन-दोन ओळींचे निनावी चिमटे लिहिणारा. नांदेड असो की लातूर, अहमदपूर असो की लोहा, दर बॅचला एक तरी निघतोच. फिशपाँडला मराठीच्या मॅडम आग्रहानं 'शेलापागोटे' म्हणतात. त्यांच्याशिवाय कोणी म्हणत नाही.

निरोप समारंभाची तारीख ठरली की त्याच्याकडं माणसांची ये-जा सुरू होते. पहिला येतो तो खांद्यावर हात टाकून, 'भावा, मह्यावर काही लिहू नकोस बरं' म्हणतो आणि सोबत गरम भज्यांचा पुडा. फिशपाँडवाला भजी खातो आणि ओळखतो, की याच्यावर लिहिलं नाही तर हा जन्मभर बोलणार नाही. दुसरा प्रकार थेट मजकूरच घेऊन येतो: 'लिही की मी क्रिकेट खेळतो, पण अभ्यासातपण हुशार आहे.' याला फिशपाँड म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात. तिसरी असते वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. ती काहीच म्हणत नाही. फक्त त्या आठवड्यात दोनदा त्याच्या बाकावरून पेन्सिल मागून नेते. फिशपाँडवाल्याला सगळ्यात जास्त घाम तिच्यावरचे दोन चरण लिहिताना फुटतो.

नियमानं चिठ्ठ्या प्रत्येकानं टाकायच्या असतात, नाव न घालता. त्यासाठी आइसक्रीमचा एक रिकामा डबा चार दिवस वर्गात फिरतो. डबा उघडला की निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या निघतात, दहा-बारांवर 'तू खूप छान मैत्रीण आहेस' असतं, एकीवर चुकून किराणा सामानाची यादी, आणि उरलेल्या सगळ्या एकाच माणसाच्या. ओळखू येऊ नये म्हणून त्यानं काही डाव्या हातानं लिहिलेल्या असतात, काही हिरव्या शाईनं. तरी सगळे ओळखतात. वर्गात ऱ्हस्व-दीर्घ बरोबर लिहिणारा दुसरा कोणी नसतो.

मग डबा जातो मॅडमच्या टेबलावर. लाल पेन निघतो. सरांवरचं काढ, शिपाईमामांवरचं ठेव पण 'डुलकी' शब्द काढ, या दोघांची नावं एका चिठ्ठीत नकोत, पालक येतात. पोरांना ही सेन्सॉरशिप वाटते. मला मात्र त्या लाल पेनाचा आदर वाटतो. कारण या धंद्यात आळशी लोक फार. कोणाच्या रंगावर, कोणाच्या अंगावर, कोणाच्या तोतरेपणावर, कोणाच्या बापाच्या हातगाड्यावर दोन ओळी खरडायला काय लागतं? हशा तर मिळतोच, आणि ज्याच्यावर मिळतो तो पोरगा घरी जेवत नाही. अस्सल फिशपाँडवाला या वाटेला जात नाही. मॅडमच्या भीतीनं नव्हे, कमीपणा वाटतो म्हणून. तो माणसाच्या सवयीवर लिहितो. तासाला झोपणाऱ्यावर त्याचा नमुना असा:

न्यूटनच्या डोक्यात सफरचंद पडलं, त्याला नियम सुचला;
याच्या डोक्यात डस्टर पडला, हा कूस बदलून निजला.

किंवा दर परीक्षेनंतर पायरीवर बसून रडणाऱ्या पहिल्या नंबरावर:

'पेपर गेला' म्हणत हिनं रडून केला गाव गोळा;
निकालादिवशी कळलं, गेलाय अर्धा मार्क सगळा.

रडणारी त्या दिवशी हसते, आणि हसता हसता डोळे पुसते. सवय जात नाही.

नांदेड आणि लातूर या दोन गावांच्या फिशपाँडवाल्यांत फरक आहे, आणि तो ऐकताक्षणी कळतो. लातूर बोर्डात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे एकच पेपर सोडवतात, पण निरोप घेण्याची रीत एक नाही. निजामाचं राज्य दोन्ही गावांवर होतं आणि 17 सप्टेंबर 1948 ला दोन्हीकडून गेलं. पण जाताना ते आपली शायरी नांदेडात विसरून गेलं. नांदेडचा फिशपाँडवाला माइक हातात आला की आधी घसा खाकरतो, 'अर्ज किया है' म्हणतो आणि समोरून 'इर्शाद' आल्याशिवाय पुढं सरकत नाही:

'कापी किधर?' पूछे तो बोलता, 'घर पे रह गई, सर';
दस साल हो गए, अब तक मिला नै इसका घर.

आणि हे तो दोनदा म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणताना हात छातीवर.

लातूरच्या गड्याला एवढी फुरसत नाही. तिथं राजर्षी शाहू महाविद्यालयातून 'लातूर पॅटर्न' रुजला, म्हणजे सराव, पुन्हा सराव, चुका काढा, पुन्हा सराव. ही शिस्त गावाच्या अंगात इतकी भिनली की निरोप समारंभाचीसुद्धा रंगीत तालीम होते आणि आभार मानणाऱ्याला 'वेळ पाळा' म्हणून घंटी वाजवली जाते. तेव्हा तिथल्या फिशपाँडचं स्वरूपही बहुपर्यायी:

वर्गात रोज उशिरा येण्याचं याचं कारण कोणतं? (अ) सायकल पंक्चर झाली, (ब) आजी वारली, (क) दुसरी आजी वारली, (ड) पहिली आजी पुन्हा वारली.

समोरून सगळा वर्ग एका सुरात 'ड' ओरडतो. ओरडण्यातसुद्धा घाई, कारण पुढच्या प्रश्नाला वेळ कमी पडू नये. एखादा शहाणा विचारतो, चुकीच्या उत्तराला एक मार्क कापणार का?

लातूरच्या या मंडळींवर काळाचे घावही पडलेत. आंघोळीचा कंटाळा करणारा प्रत्येक वर्गात असतो आणि त्याच्यावर एक फिशपाँड दरवर्षी ठरलेला असतो. पण 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, अख्ख्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली, आणि आंघोळ न करणारे सगळे एका रात्रीत पाणी बचतीचे कार्यकर्ते झाले. त्यांच्यावर काय लिहिणार?

खरी कसोटी असते ती शेवटच्या फेरीत, 'वीस वर्षांनंतर तुम्ही' या सदरात. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण लातूरच्या पालकाला विचारा, तो दोनच सांगेल: एक मेडिकलचा, एक इंजिनिअरिंगचा. नांदेडातही भाग्यनगर, बाबानगर, श्यामनगर या भागांतून चालत गेलं तर वेगळं ऐकू येत नाही. चौकाचौकात क्लासेसचे फ्लेक्स, त्यावर पासपोर्ट फोटोंच्या रांगा, फोटोखाली 720 पैकी मार्क. स्लॅम बुकं उघडून बघा. 'आवडता हिरो' या रकान्यात साठ पोरांचे वीस हिरो सापडतील, 'काय व्हायचंय' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'डॉक्टर'. एकानं 'डॉक्टर किंवा सैराटचा हिरो' लिहिलेलं असतं. त्याला घरी बोलणी बसलेली असतात.

अशा गावात, दहावीतल्या साठ जणांना साठ वेगवेगळी भविष्यं देणारा हा एकटाच. क्लासवाले देत नाहीत, मामा देत नाही, पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनासुद्धा हल्ली 'मेडिकलचा योग' तेवढाच दिसतो. फिशपाँडवाला मात्र माणूस बघून भविष्य लिहितो. दोन रुपयांच्या पेनाचे व्याजासह पाच परत घेणारा वीस वर्षांनी आडतीवर सोयाबीनचा भाव ठरवताना दिसतो. मधल्या सुट्टीत चाळीस पोरांना एका ओळीत उभं करणारी, ठाणेदार. नकाशात नद्या भलत्याच जिल्ह्यातून नेणारा, पाटबंधारे खात्यात. सहलीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याला रस्ता सांगणारा, अहमदपूर–नांदेड काळी-पिवळीचा मालक, आणि गाडीत वर्गमित्रांना अर्धं तिकीट. हे शेवटचं ऐकून आईबाप तोंड वाकडं करतात. पोरगा मात्र उजळतो, कारण त्याच्यात कोणीतरी काहीतरी पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.

नांदेडच्या फिशपाँडवाल्याला या कामी एक मोठा आधार आहे. कोणी फारच मार्कांचं बोलायला लागलं की तो कुरुंदकर गुरुजींचं नाव काढतो. नरहर कुरुंदकर इंटरला एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नापास झाले. पुढं प्रतिभा निकेतनमध्ये शिकवलं, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि महाराष्ट्रभरचे पदवीधर त्यांची भाषणं ऐकायला पुढची खुर्ची धरून बसायचे. त्यांच्या वर्गात फिशपाँड झाले असते तर कोणी काय लिहिलं असतं, हा प्रश्न विचारून फिशपाँडवाला आपल्या 41 मार्कांकडं अर्थपूर्ण बघतो. उदाहरण थोर आहे. फक्त गुरुजी नापास होताना ग्रंथालय वाचत होते आणि हा नापास होता होता चिठ्ठ्या लिहितो, एवढा बारीक फरक तो सांगत नाही.

दहावीनंतर मात्र त्याचा धंदा बसतो. अकरावी-बारावीचं वातावरणच निराळं. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, पोरगा दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेजात येतो तो प्रॅक्टिकलला आणि निरोप समारंभाला. मी असे समारंभ पाहिलेत, जिथं 'आपण दोन वर्षं सुखदुःखात एकत्र होतो' असं भाषण चालू असताना शेजारचे दोघं एकमेकांना नाव विचारत होते. निरोप द्यायला आधी भेट व्हावी लागते! फिशपाँडवाला माइकपाशी उभा राहून समोर बघतो: दोनशे पोरं, सगळी ताजी, एकाचीही सवय माहीत नाही. तो बिचारा हजेरीपटावर विनोद करून खाली बसतो.

आणि रिपीटर हा तर निरोपाला न जुमानणारा प्राणी. त्याला फेब्रुवारीत गुलाबाचं फूल देऊन, डोळ्यांत पाणी आणून निरोप द्यावा, तर जूनमध्ये तो त्याच मेसमध्ये, त्याच खुर्चीवर, 'मावशी, आज काय भाजी?' विचारत हजर. दुसऱ्या वर्षी त्याला निरोप देताना लोक डोळ्यांत पाणी आणत नाहीत. तिसऱ्या वर्षी सूत्रसंचालन त्याच्याकडंच देतात, अनुभव आहे म्हणून.

स्वतः फिशपाँडवाला पुढं काय होतो? त्यानं साठ जणांचं भविष्य लिहिलं, त्याचं कोणी लिहिलेलं नसतं. साधारणपणे तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो आणि नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये बॅग मांडीवर घेऊन आपल्याच वर्गमित्राच्या दवाखान्यात नंबर लावून बसतो. नाहीतर झेडपीचा शिक्षक, नाहीतर बँकेत. दिवाळीत 'बॅच 1998' वगैरे नावाचा स्नेहमेळावा असतो, तिथं माइक त्याच्याच हाती येतो. टक्कल पडलेले सर्जन, दोन दुकानांचे मालक, अमेरिकेतून व्हिडिओवर आलेली एक, सगळे त्याला एकच विचारतात: माझ्यावर तू काय लिहिलं होतंस रे? शाळेतली प्रमेयं सगळे विसरलेत, पण ती दोन ओळींची चिठ्ठी त्यांना हवी असते. त्याला प्रत्येकाची पाठ असते. काहींवर मात्र त्यानं फिशपाँड लिहिलेलाच नसतो. त्यांच्यासाठी तो जागेवर रचतो आणि 'हीच होती, आठव की' म्हणून ठोकून देतो. कोणी तक्रार केलेली ऐकली नाही.

असाच एक आता लातुरात औसा रोडला राहतो. त्याची मुलगी यंदा बारावीला. तिनं रविवारच्या टेस्टवरून आल्यावर सांगितलं, 'बाबा, कॉलेजात निरोप समारंभ आहे, दहा-पंधरा फिशपाँड लिहून द्या ना.' बाप सुखावला. वही काढली, चष्मा पुसला, म्हणाला, 'सांग, तुझ्या शेजारी कोण बसतं?' ती म्हणाली, 'ते फिक्स नसतं. टेस्टचे मार्क आले की जागा बदलते.' मग नावं सांग. नावं चार-पाचच माहीत होती, बाकी रोल नंबर. कोण झोपतं? सगळेच. कोण उशिरा येतं? कोणीच नाही, गेटवर बोट लावावं लागतं.

बापानं वही मिटली, गाडी काढली आणि पोरांच्या मेसवर गेला. मावशी पोळ्या लाटत होत्या. त्यानं काम सांगितलं. मावशींनी लाटणं न थांबवता सुरुवात केली: तो चष्म्याचा, आईचा फोन आला की भिंतीकडं तोंड करून 'जेवलो गं' म्हणतो आणि मग ताट घेतो, ती किनवटची पोरगी, ठेचा घरून आणते आणि सगळ्यांना वाटून वर रागावते, तो उंच, एका पोळीवर उठतो आणि दहा मिनिटांनी 'मावशी, उरलीय का?' म्हणून परत येतो. दोघं भाऊ आहेत, एकाच्या नावावर दोघं जेवतात, मला काय कळत नाही व्हय, पण जेवू द्या. तासाभरात वहीची आठ पानं भरली. इतका माल त्याला दहावीतसुद्धा मिळाला नव्हता.

उठताना त्यानं दोन्ही हात जोडले. मावशींनी तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, 'समद्यांवर लिवलाव. माज्यावर काय लिवलाव, दादा?'