पंखा बंद करा, घाटावर चला

मे महिन्यातला शनिवार आला की वाईतून पसरणी घाटाकडे गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना महाबळेश्वर गाठायचं असतं. थंड हवा हवी, स्ट्रॉबेरी क्रीम हवं, वेण्णा तलावात नाव हवी. त्याच महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा खाली वाईत गणपती घाटाच्या पायऱ्यांना लागून वाहत असते. तिच्यासाठी गाडी थांबवावी असं फार थोड्यांना वाटतं.

म्हणून या आठवड्यात एकच सांगणं. कृष्णाकाठच्या माणसाने उन्हाळ्याची सहल नदीवर न्यावी. तिकीट नाही, बुकिंग नाही, पार्किंगची मारामारी नाही.

सुरुवात वाईपासूनच करा. सकाळी लवकर ढोल्या गणपतीला जा. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाच्या दगडी गाभाऱ्यात भर उन्हाळ्यातही पावलांना गारवा लागतो. तिथून जवळच मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा बघा आणि मागच्या घाटावर उतरा. घाटावरच्या देवळीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आणलेली ही घंटा. इतिहासाच्या पुस्तकातलं पान मुलांना इथे हाताने चाचपता येतं. पुढे धोम. तिथल्या देवळापुढे कुंडात दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. कुंड भरलं की कासव पोहतंय असंच वाटतं. लहान मूल तिथून हलायला तयार होत नाही आणि त्याला हलवूही नये.

कराडला संध्याकाळी जा. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात, तो प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हे नाव दिलं, ते किती मनापासून दिलं असेल हे त्या जागी उभं राहिल्यावर उमगतं. खाली शिरोळ तालुक्यात नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येऊन मिळते. तिथली बासुंदी खाल्ल्याशिवाय परतू नका. जवळच खिद्रापूर आहे. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. वर गोल आभाळ आणि भोवती कोरीव खांब. दुपारचं ऊन त्या गोलातून फरशीवर उतरतं आणि हळूहळू सरकत जातं. ते बघायला वेळ काढा. जेवणाला ज्वारीची भाकरी आणि मळीचं भरलं वांगं मिळालं, तर हॉटेलचा विचारही मनात येणार नाही.

पण नदीवरचा खरा उन्हाळा म्हणजे पोहणं. घाटाच्या खालच्या पायरीवर सात-आठ वर्षांचं पोरगं उभं असतं. पाठीला झाळलेला पत्र्याचा डबा बांधलेला, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक आजोबांच्या हातात.

“आबा, सोडू नका हां!”

“न्हाई सोडत. तू पाय मार.”

पोरगं पाय मारतं, पाणी पितं, ठसकतं, पुन्हा मारतं. पंधरवड्यात डबा सुटतो, दोर सुटतो आणि ते पोरगं वरच्या पायरीवरून मुटका मारतं. हे शिक्षण कृष्णाकाठच्या कितीतरी पिढ्यांनी फी न भरता घेतलं. आज तीच गावं पोरांना क्लोरिनच्या टाकीत पाठवतात, तेही ज्यांच्या खिशाला परवडतं त्यांनाच. बाकीची पोरं दुपारभर मोबाईलवर. नदी दाराशी असताना पोराला पोहता येऊ नये, ही गावाला लाज आणणारी गोष्ट आहे.

आता धोक्याचं बोलू, कारण ते टाळून सहलीला बोलावणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पलूस तालुक्यात, औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत. उन्हाळ्यात त्यांची अंडी काठच्या वाळू-मातीत असतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. तिथे पाण्यात उतरू नका. औदुंबरला दत्ताचं दर्शन घ्या, काठावर झाडाखाली शिदोरी सोडा. दुसरा धोका माणसाने खोदलेला आहे. वाळू उपशाने पात्रात खड्डे पडतात, वरून पाणी संथ दिसतं आणि पुढच्या पावलाला तळच लागत नाही. बंधाऱ्याखालच्या पाण्याचाही भरवसा नको. वरून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. गावकरी जिथे पोहतात तिथेच पोहा. अनोळखी डोहाजवळ आधी नावाड्याला विचारा.

मगर आपल्या जागी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती घाणीबद्दल. शेरी नाल्याचं सांडपाणी हा सांगलीतला दशकानुदशकांचा प्रश्न. नदीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्याही सांगलीकरांनी वाचल्या आहेत. पाण्याला वास येतो म्हणून लोक घाटावर जायचं सोडतात. लोक जायचं सोडतात म्हणून वास येतो हे कोणाला कळत नाही. मग सांडपाणी सोडणाऱ्याला रान मोकळं. हे चक्र कुठेतरी तोडायचं असेल तर माणसं पुन्हा पाण्यापाशी जायला हवीत. घाटावर रोज पोहणाऱ्याला पाण्याचा बदललेला रंग सगळ्यांच्या आधी दिसतो. नदीला त्याच्याइतका चांगला राखणदार दुसरा नाही.

ऑगस्टात सांगलीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं की आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तो आकडा कोणी विसरलेलं नाही. फुटाफुटाची खबर घरोघरी पोचते. मग एप्रिल-मे महिन्यात तेच पाणी अंघोळीला योग्य आहे की नाही, याची खबर का पोचू नये? वाई, कराड, सांगली, मिरज, जिथे जिथे घाट आहे तिथे उन्हाळाभर दर शनिवारी पाण्याची तपासणी करा आणि निकाल घाटावरच फळ्यावर खडूने लिहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटावर जीवरक्षक नेमा. त्यासाठी मोठी योजना, भूमिपूजन, कोनशिला यांतलं काहीच लागत नाही. इच्छा लागते आणि ती नसेल तर मागून दाबणारे लोक लागतात.

तेव्हा येत्या रविवारी पोरांना घेऊन घाटावर जा. पाणी चांगलं असेल तर मनसोक्त डुंबा. नसेल तर सोमवारी सकाळी नगरपालिकेच्या दारात जाऊन उभे राहा आणि पोरांनाही बरोबर न्या. पोहायला त्यांना शिकायचंय, विचारायचा हक्कही त्यांचाच आहे.