एक खिडकी, साडेसहा इंची

महाराष्ट्रात सरकारं आली आणि गेली, पण ‘एक खिडकी योजना’ कुणीच मागे घेतली नाही. उद्योजकांसाठी एक खिडकी झाली, चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी झाली, गणेश मंडळांच्या मंडपांसाठीही झाली. खिडकीपाशी पोहोचल्यावर कळायचं की खिडकी खरी आहे, पण सही शेजारच्या इमारतीत होते आणि साहेब मीटिंगला गेलेत. आता मात्र ही योजना खऱ्या अर्थानं पार पडली आहे. नवी खिडकी साडेसहा इंची आहे, खिशात मावते, चोवीस तास उघडी असते आणि तिला जेवणाची सुट्टी नाही. फरक एवढाच, की तिच्या आत कारकुनाच्या खुर्चीत आपणच बसलो आहोत आणि बाहेर रांगेतही आपणच उभे आहोत.

विद्वान मंडळी याला ‘टेक्नॉलॉजिकल कन्व्हर्जन्स’ म्हणतात. परिसंवादात ते पडद्यावर तीन वर्तुळं दाखवतात, ती एकमेकांत घुसतात आणि मधला भाग भडक रंगात झळकतो. टेलिफोन, दूरदर्शन आणि संगणक असे एकत्र आले, की शिक्षण बदलतं, व्यापार बदलतो, समाज बदलतो, मग चहा येतो. त्या मधल्या भडक भागात नेमकं कोण सापडलंय, ते मात्र चहा संपला तरी कुणी सांगत नाही.

आपल्या सरकारला हे सगळं फार आधी कळलं होतं, याची नोंद व्हायला हवी. २००१ मध्येच ‘कम्युनिकेशन कन्व्हर्जन्स’ नावाचं विधेयक संसदेत आलं. दूरसंचार, प्रक्षेपण आणि इंटरनेट यांनी एकत्र कसं यावं, हे त्यात ठरवून द्यायचं होतं. २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. तंत्रज्ञानाला ही बातमी कुणी कळवली नसावी, कारण ते एकत्र येतच राहिलं. मधल्या काळात आपल्या स्मार्टफोनवर राज्य केलं ते १८८५ च्या तार कायद्यानं. खुद्द तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली, तरी तिचा कायदा पुढची दहा वर्षं ठणठणीत होता. नवा दूरसंचार कायदा संसदेनं मंजूर केला तो डिसेंबर २०२३ मध्ये.

कन्व्हर्जन्सचं सगळ्यात देखणं रूप पाहायचं असेल, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जावं. पूर्वी शाळेत गुरुजी असत, बड्या शाळेत लिपिक असे, शिपाई असे, वर्षातून एकदा फोटोग्राफर येई आणि अधूनमधून साहेब तपासणीला येत. आता हे सगळे एकाच देहात एकवटले आहेत, आणि त्या देहाच्या हातात स्वतःच्या पैशानं घेतलेला मोबाईल आहे, स्वतःच्याच पैशानं भरलेला डेटा आहे. सकाळी परिपाठ चालू असतानाच गटावर संदेश पडतो: ‘सोबतच्या लिंकवर माहिती तात्काळ भरावी. निरंक असल्यास तसे कळवावे.’ आज खिचडी किती मुलांनी खाल्ली, ते ॲपवर. मुलांची कुंडली ‘यू-डायस प्लस’वर. प्रत्येक मुलाचा ‘अपार’ आयडी काढायचा, पण शाळेच्या दाखल्यावर मूल ‘गणेश’ आणि आधारवर ‘गनेश’, त्यामुळे आधी पालकांना आधार केंद्रावर पाठवायचं. पालक ऊसतोडीला गेलेले. तेवढ्यात केंद्रप्रमुख विचारतात, काल भरलेली माहिती आज एक्सेलमध्ये का नाही दिली? तीच माहिती आहे, साहेब. असू दे, वरून मागितलीय.

आणि शिकवणं? ते ‘अशैक्षणिक कामां’मधून वेळ उरला तर.

२०१६ च्या नोव्हेंबरात राज्याच्या शिक्षण खात्याला एक प्रतिभास्पर्श झाला होता. मुलांची गळती रोखायची म्हणून शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढावा आणि तो ‘सरल’ प्रणालीवर चढवावा, असा आदेश निघाला. साठ मुलांच्या वर्गात सहा सेल्फी, प्रत्येकात गुरुजी हसतमुख. नेटवर्क ज्या गावांत बुधवारी येतं, तिथं सोमवारची हजेरी लागणार कशी, हे आदेशात नव्हतं. ओरड झाली, आदेश गुंडाळला गेला. माझ्या मते तो घाईनं गुंडाळला. आणखी दोन वर्षं चालला असता, तर शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाचा छान प्रकाशातला फोटो तरी सरकारजमा झाला असता.

थट्टा बाजूला ठेवून एक सांगायला हवं. याच महाराष्ट्रात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत, रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड चिकटवले. मुलांनी मोबाईल धरला, की कविता ऐकू येऊ लागली, धडा दिसू लागला. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. यंत्र तेच, मोबाईलच. तिथे तो कशाला काढायचा हे शिक्षकानं ठरवलं होतं, आणि बाकी ठिकाणी परिपत्रक ठरवतं. ‘असर’च्या २०२४ च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं, की गेल्या आठवड्यात स्मार्टफोन कशाला वापरलात. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी अभ्यासासाठी म्हटलं आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. लोक या आकड्यानं हळहळले. गुरुजींना दिवसभर मोबाईलमध्ये मान घालून बसलेलं बघणारी मुलं दुसरं काय शिकणार?

शेतकऱ्यालाही बढती मिळाली आहे, तो आता तलाठी झालाय. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ‘ई-पीक पाहणी’ आली. शेतात काय उभं आहे, हे आता ज्याचं शेत त्यानंच बांधावर जाऊन फोटोसह नोंदवायचं. पूर्वी तलाठी आप्पा चावडीवर बसल्या बसल्या सगळ्या शिवाराची पाहणी उरकत आणि कापसाच्या जागी सोयाबीन लिहून जात, हे खरं. त्यामुळे योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण पूर्वी सातबारावर चुकीचं पीक लागलं, तर शिव्या द्यायला एक माणूस होता. आता ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून लांब आहात. शेतकरी आपल्याच बांधावर उभा राहून मोबाईलला पटवून देतोय, की बाबा रे, हे माझंच शेत आहे. आजा-पणजा इथेच कसत आले. मोबाईल म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा.

व्यापाराकडे वळलं तर मन प्रसन्न होतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटाबंदीनं त्याला ढकलगाडीवर चढवलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. कोथिंबिरीची जुडीही क्यूआरवर मिळते. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट ठेवणारा वाणी इतिहासजमा झाला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. भाजीवालीच्या टोपलीत वांग्यांशेजारी एक डबा ठेवलेला असतो आणि तो कुणी किती रुपये दिले हे चौकात ओरडून सांगतो. खोटे स्क्रीनशॉट दाखवून भाजी नेणारेही याच एकत्रीकरणातून जन्मले, म्हणून तो ओरडका डबा आला, म्हणून त्याचं महिन्याचं भाडं आलं. यूपीआय फुकट आहेच. फुकट असल्याची खात्री करून घ्यायला पैसे पडतात. पुढे जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या उलाढालीवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा क्यूआर रातोरात उतरले आणि ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. तिजोरी, वही आणि कर अधिकारी एकाच डब्यात राहायला आल्याचं त्यांना उशिरा कळलं.

समाज नावाची गोष्ट उरते. ‘लाडक्या बहिणी’ला दीड हजार रुपये मिळत राहावेत म्हणून २०२५ मध्ये ई-केवायसी आली. एक ओटीपी बहिणीच्या मोबाईलवर, दुसरा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. नवरा वारला असेल, वडीलही नसतील, तर ओटीपी कुठे जाणार, हा प्रश्न पडद्यावरच्या रकान्याला पडला नव्हता. मुदत वाढवावी लागली. यंत्रणा जोडल्या गेल्या, की कुटुंबही जोडलं जातं म्हणतात, ते असं.

न्यायव्यवस्थेत मात्र हे एकत्रीकरण भामट्यांनीच करून दाखवलं. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये कुरिअर कंपनी, पोलीस, सीबीआय आणि न्यायालय एकाच व्हिडिओ कॉलवर हजर असतात. गुन्हा, तपास, सुनावणी, सगळं एकाच बैठकीत. तारीख पडत नाही. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका बड्या उद्योगपतींना बनावट सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी दाखवून सात कोटींना गंडा घातला गेला. खऱ्या न्यायालयात वर्षानुवर्षं चपला झिजवलेल्या माणसाला या बातमीत संशयास्पद वाटायला हवी होती ती सुनावणीची गती.

ज्यांना ही साडेसहा इंची खिडकी सांभाळणं जमत नाही, त्यांच्यासाठी आमच्या वस्तीच्या नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. डिजिलॉकरमधले दाखले कायद्यानं मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात, म्हणूनच की काय, त्यांच्या झेरॉक्ससाठी इथे सकाळपासून गर्दी असते. मालक सगळ्यांचे ओटीपी तोंडी घेतो, सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या एका वहीत असतात, आणि ती वही अजून कुणी हॅक केलेली नाही. बाहेर पाटी आहे: सातबारा, ई-केवायसी, पॅन कार्ड, शिष्यवृत्ती फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पिको-फॉल. खाली स्केच पेननं नंतर लिहिलेलं आहे: ‘ऑनलाईन पेमेंट बंद आहे. सुट्टे द्यावेत.’