विकतची घरघर

यंत्रात दोष भरायला यंत्रालाच वेगळी कळ असते, हे मला भाच्यामुळे कळलं. सिंदी मेघेत ताईच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली आहे. तिथे गिटार आहे, हेडफोन आहे आणि पायाशी एक चपटी पेटी आहे, तिला तो ‘मॉडेलर’ म्हणतो. अमेरिकेत आणि विलायतेत ज्या ज्या अ‍ॅम्प्लिफायरनी नाव काढलं ते सगळे त्या पेटीत गणिताच्या रूपाने नांदतात, आणि प्रत्येकाच्या पोटात शिरून काही गोष्टी कमी-जास्त करता येतात. त्यात ‘सॅग’ असतं: तार जोरात छेडली की जुन्या अ‍ॅम्पचा वीजपुरवठा क्षणभर दम टाकायचा, तो दम. आणि ‘हम’ असतं, म्हणजे नुसती घरघर. लाइन सिक्सच्या हीलिक्ससारख्या यंत्रांत या दोन्ही गोष्टी आकड्यांनी मोजून वाढवता येतात. ‘मामाजी, हे थोडं वाढवलं नं, का एकदम खरा वाटते,’ असं म्हणून त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवला. घरघर उत्तम होती. हेडफोन काढला तर खिडकीतून कोपऱ्यावरच्या डीपीची घरघर येत होती. तीही उत्तम होती, आणि तिला वेगळे पैसे पडत नव्हते.

डीपीच्या त्या सुराकडे मी तोवर कधी लक्ष दिलं नव्हतं. आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. प्रत्येक हेलकाव्यात ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून डीपीचा मुख्य सूर 100 हर्ट्झचा. गिटारवाल्यांच्या हिशोबात तो खालच्या ‘जी’च्या केसभर वर बसतो. अमेरिकेची वीज 60 हेलकाव्यांची, त्यामुळे तिथले डीपी 120वर गातात. म्हणजे पेटीतल्या कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅम्पने इमानदारीने घरघरायचं ठरवलं तर तो परक्या सुरात घरघरणार, आणि आमचा पोरगा दोन देशांच्या विजेच्या मधोमध बसून रियाज करणार. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने वहीत लिहून घेतलं.

या साऱ्या नकलेचं मूळ काचेच्या एका नळीत आहे. ली डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1906 साली व्हॉल्व्हमध्ये एक बारीक जाळी बसवली आणि क्षीण आवाजाला बळ द्यायची सोय झाली. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, समोरच्या पत्र्याकडे धावतात, आणि मधली जाळी त्यांना कधी वाट देते, कधी अडवते. माझ्या लहानपणी आमच्या घरात हे सगळं आबांच्या रेडिओत चालायचं. त्या रेडिओचा परवाना पोस्टातून यायचा आणि आबा तो शेताच्या कागदांबरोबर ठेवायचे. कळ फिरवली की लगेच काही व्हायचं नाही. आधी आत कुठेतरी नारिंगी उजेड धरायचा, धूळ भाजल्याचा वास यायचा, हिरवा डोळा हळूहळू पापण्या मिटत आणायचा, आणि मग नागपूर केंद्र बोलायला लागायचं, तेही निम्म्या वाक्यापासून. बातम्यांचं पहिलं वाक्य आमच्या घरात फारसं कुणी ऐकलं नसावं. देशात जे काही झालं ते दुसऱ्या वाक्यापासून झालं.

दुसरा व्हॉल्व्ह भेटायचा लग्नात. लाउडस्पीकरवाला मांडवाच्या कडेला बाजेवर बसायचा. शेजारी अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, वर कडुनिंबाला बांधलेला भोंगा. अ‍ॅम्पच्या जाळीच्या झाकणातून आतल्या नळ्या लाल दिसायच्या आणि आम्ही पोरं वरातीपेक्षा तिथेच जास्त रेंगाळायचो. वरपक्षाचा कुणीतरी येऊन ‘वाढव, वाढव’ म्हणायचा, तो वाढवायचा, आणि एका टप्प्यानंतर सनई खरखरू लागायची. ‘आवाज फाटून राहिला,’ असं म्हणत एखादे काका उठायचे आणि लाउडस्पीकरवाला ओशाळून कळ मागे घ्यायचा. आता कळतं की ते ओशाळणं अगदी अकाली होतं. त्या माणसाने तसंच थोडं थांबायला हवं होतं.

कारण तिकडे अमेरिकेत आवाज फाटणं हीच कला होऊन बसली होती. 1951 साली ‘रॉकेट 88’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मेम्फिसला जाताना एका गिटारवाल्याच्या अ‍ॅम्पला इजा झाली. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं, आणि तो खरखरता आवाज लोकांच्या मनात भरला. 1964 मध्ये लंडनच्या किंक्स या चमूतल्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरच्या पडद्यावर स्वतःच्या हाताने ब्लेड चालवलं. शास्त्र असं सांगतं की व्हॉल्व्हला झेपेना इतका आवाज दिला तर तो लाटेचा माथा एकदम छाटत नाही, हळुवार गोल करतो, आणि त्या गोलाईतून मूळ सुरात नसलेले पण त्याच्याच नात्यातले सूर जन्मतात. ट्रान्झिस्टरकडे एवढा संकोच नसतो, तो सरळ कापतो. यापुढचं शास्त्र माझ्या आवाक्यात नाही.

आणि ज्याला आज ‘असली’ म्हणतात, त्याची वंशावळ पाहिली तर हसू आवरत नाही. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हे ड्रम शिकवणारे गृहस्थ वाद्यांचं दुकान चालवत. पोरांना अमेरिकन फेंडर हवे असत, पण ते महाग पडत. म्हणून 1962-63च्या सुमारास त्यांच्या माणसांनी फेंडरचा ‘बेसमन’ हा अ‍ॅम्प उघडून जवळजवळ तसाच्या तसा उतरवला. मिळतील ते भाग घातले, स्पीकर इंग्लंडचे लावले, आणि या तडजोडीतून मार्शलचा तो जगप्रसिद्ध आवाज निघाला. मुळात बेसमन होता बेस गिटारसाठी; साध्या गिटारवाल्यांनी तो पळवला होता. म्हणजे चुकीच्या वाद्याला लावलेल्या यंत्राची हाताला लागेल त्या सामानात केलेली नक्कल, आणि भाच्याच्या पेटीत आता तिची नक्कल. तिला खोटी म्हणावं तर कुणाच्या तुलनेत?

एडी व्हॅन हेलनची गोष्ट तर आमच्या जिल्ह्यातच घडायला हवी होती. हा थोर गिटारवादक आपल्या मार्शलला ‘व्हेरिअ‍ॅक’ नावाच्या उपकरणातून मुद्दाम कमी दाबाची वीज द्यायचा, 110-120च्या जागी 90 व्होल्टच्या आसपास. त्यातून जो मऊ, तपकिरी म्हणून गाजलेला आवाज निघे, त्याच्या शोधात गिटारवाल्यांच्या पिढ्या झिजल्या. आमच्याकडे रब्बीत मोटारपंप सुरू झाले की 230चे 170 आपोआप व्हायचे. ट्यूबलाइट डोळे मिचकावायची, पंख्याची पाती मोजता यायची, आणि आम्ही या देणगीचं मोल न ओळखता घरोघरी स्टॅबिलायझर बसवत सुटलो.

व्हॉल्व्हच्या बाजूने बोलणारे लोक त्याच्या उबेचं फार कौतुक करतात. लंडनच्या जानेवारीत मला ते पटेल. मार्शलच्या 100 वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये ईएल 34 जातीच्या चार नळ्या असतात. त्या नुसत्या गरम राहायला 38 वॅट खातात, त्यात सूर एकही नाही. काचेला बोट लावलं तर फोड येतो. वर्ध्याला मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, दुपारी गच्चीच्या टाकीतलं पाणी हाताला सोसवत नाही, आणि अशा खोलीत शेगडी पेटवून तिच्यातून संगीत काढायचं म्हणजे ती साधना पंचाग्नीत मोडते. शिवाय या नळ्या आता मिळतात कुठे? एके काळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स त्या बनवत असे. आता रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये मोजके कारखाने उरले आहेत. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांना एकदम भूगोल आठवला.

नक्कल करण्याच्या रीती मात्र मोठ्या गमतीच्या आहेत. 1998 मध्ये लाइन सिक्सचा लाल रंगाचा, घेवड्याच्या दाण्यासारखा ‘पॉड’ आला, तेव्हा सर्किटमधल्या भागांचं गणित मांडण्यावर भर होता. 2011 मध्ये जर्मनीच्या केम्परने वेगळीच वाट धरली: खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चित्रविचित्र आवाज सोडायचे, काय बाहेर येतं ते ऐकायचं आणि तेवढ्यावरून त्याचा स्वभाव ओळखायचा. आता न्यूरल जाळी हेच आणखी मन लावून करतात. आत काय चाललंय याची चौकशीच नाही. गावातला नकलाकार तरी पुढाऱ्याचं राजकारण कुठे समजून घेतो. त्याचं खाकरणं आणि शब्द सापडेना तेव्हाचं थांबणं तेवढं तो अचूक उचलतो. दोन्हीकडे पकडायचा असतो तो अडखळण्याचा भाग.

आपल्याकडे असली-नकलीचा हा वाद तंबोऱ्यावरून होऊन गेला. मिरजेचे कारागीर, ज्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावत, ते पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तंबोरे घडवत आले. 2024 मध्ये त्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकडे बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, आणि आता तो मोबाइलमध्ये मावतो. तंबोऱ्याचं सगळं मर्म जवारीत असतं. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा, म्हणजे तार स्वच्छ वाजत नाही, घोडीला घासून झंकारते. स्वच्छ सुराला जाणूनबुजून थोडं बिघडवायचं आणि त्या बिघाडात गाण्यासाठी जागा करायची, हे आपल्या पूर्वजांना विजेशिवाय सुचलं होतं. लाउडस्पीकरवाल्याला कुणी हे सांगायला हवं होतं.

वर्ध्याला खऱ्या-खोट्याच्या वादांची जुनी सवय आहे. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. गावात मगन संग्रहालय 1938 पासून हातकागद, घाणी, चरखे सांभाळून आहे. यंत्रांविरुद्ध एवढं बोलूनही गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या शिलाई यंत्राला सूट दिली होती, कारण त्यामागे सिंगरची, आपल्या बायकोचे कष्ट वाचवण्याची माया होती. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला ती सूट मिळाली असती का, असा विचार मी बॅचलर रोडवर चालताना कधी कधी करतो. त्या काळी जी काचेची नळी यंत्रयुगाची नांदी होती, तिच्याविषयी आज लोक हातमागाच्या लुगड्याविषयी बोलावं तसं बोलतात. अजून काही वर्षांनी भाच्याच्या पेटीविषयीही कुणी असंच बोलेल आणि तिचे दोष आठवून हळहळेल. पेटीचे दोष कोणते ते मात्र अजून आपल्याला दिसत नाहीत. ते दिसायला बहुधा ती आधी जुनी व्हावी लागते.

खरा अ‍ॅम्प भाच्याने एकदाच ऐकला, नागपुरात, मित्राच्या मित्राकडे. परत आला तो चकित होऊन. ‘मामाजी, अगदी आपल्या पेटीसारखाच वाजते!’ मग जरा थांबून म्हणाला, ‘पण पोटरीला हवा लागते.’ तेवढी हवा काही हेडफोनमधून येत नाही, आणि त्या हवेने त्याला पछाडलं. नवा अ‍ॅम्प परवडणारा नव्हता. शेवटी नजर गेली माझ्या माळ्यावरच्या आबांच्या रेडिओवर. त्याच्या पाठीला ग्रामोफोन जोडायची भोकं होती. त्यांतून गिटार आत शिरू शकते, असं त्याला कुठूनसं कळलं होतं.

आम्ही तो एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे नेला. त्यांनी झाकण काढून फुंकर मारली आणि बराच वेळ आत पाहत राहिले, ओळखीच्या माणसाचं वय जोखावं तसं. ‘पहिले शॉक काढतो, मग आवाज पाहू,’ म्हणाले. जुन्या काही रेडिओंच्या सांगाड्यातच वीज खेळते आणि गिटारच्या तारा बोटांत असतात, हे त्यांनी पोराला नीट बसवून समजावलं. शॉक निघाला, आवाजही निघाला. किरटा, नाकातला, थोडा फाटलेला. भाचा खूश. ताईने फर्मान काढलं की उन्हाळ्यात ही शेगडी वरच्या मजल्यावर दिसता कामा नये, इन्व्हर्टर कूलरसाठी आहे. त्यामुळे रेडिओ दिवाळीला रजयांबरोबर उतरतो आणि होळीला त्यांच्याबरोबरच माळ्यावर जातो.

मधल्या महिन्यांची सोय भाच्याने करून ठेवली आहे. फुकट मिळणारं ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर वापरून, स्पीकरसमोर माइक धरून, त्याने रेडिओची नक्कल पेटीत उतरवली. आता तिच्या पडद्यावर मार्शल, फेंडर, व्हॉक्स यांच्या रांगेत ‘आबाजींचा रेडिओ’ असं नाव झळकतं. परवा ताई चहा घेऊन वर आली तेव्हा त्याने ते कौतुकाने दाखवलं. तिने चष्मा कपाळावर चढवला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, ‘यावर नागपूर लागते का रे?’