मलावीकर

मलावीकरांचं खरं आडनाव तावरे, देवकाते, शहा, काहीही असू शकतं. बारामतीत त्यांचं कृषी सेवा केंद्र असतं, किंवा ते साखर कारखान्याच्या लॅबमध्ये असतात, किंवा इंदापुरात कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासतात. वय पंचेचाळीसच्या आगेमागे. कालव्याखालचं चार एकर थोरला भाऊ बघतो, ऊस वेळेवर तुटतो. थोडक्यात, माणसाला नाद लागायला जी सामग्री लागते ती सगळी घरात हजर. अशा वेळी कुणी बैलगाडा शर्यतीत पडतं, कुणी ग्रामपंचायतीत. मलावीकर फिश टँकमध्ये पडतात. सुरुवात गोल्डफिशनं होते. मग एका रविवारी कुर्ल्याच्या मासेबाजारातून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन, ते काही पिवळे आणि काही निळे-काळे पट्ट्यांचे मासे आणतात. पिवळे ते यलो लॅब, पट्ट्यांचे ते डेमासोनी. दोघेही आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रहिवासी, सिक्लिड कुळातले. त्या दिवसापासून टाकीतलं प्लास्टिकचं कमळ, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि उघडझाप करणारा शिंपला यांची हकालपट्टी होते. टाकीत फक्त दगड.

मलावीचे हे मासे सरोवराच्या खडकाळ काठाला राहतात. दगडावरच्या शेवाळात चरायचं, दगडाच्या कपारीत लपायचं, दगडावरून भांडायचं. तेव्हा त्यांना दगड हवेत हे कुणालाही पटेल. पटत नाही ते मलावीकरांच्या आईला. कऱ्हेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख, त्यातून सुप्या-मोरगावकडचा जिरायत पट्टा, मूळचाच धोंड्यांचा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी ज्यांच्या नशिबात आलं ते सुटले. बाकीच्यांच्या पिढ्या वावरातले धोंडे वेचून बांधावर टाकण्यात गेल्या. आणि हे चिरंजीव तेच धोंडे पोत्यात भरून स्कूटरवरून हॉलमध्ये आणतात.

‘आरं, तुझ्या आज्याची हयात धोंडं भायेर टाकण्यात गेली. अन् तू ते घरात आणून साबणानं धुतोस?’

‘साबण चालत नाही आई,’ मलावीकर गंभीरपणे सांगतात, ‘नुसत्या ब्रशनं धुतोय.’

धुण्याच्या आधी परीक्षा असते. दगडात चुना आहे की नाही हे कळण्यासाठी त्याच्यावर लिंबू पिळून बघायचं. बारीक फेस आला तर आहे. परीक्षा सोपी आणि स्वस्त आहे, फक्त ती जागेवर करू नये. मलावीकर जागेवर करतात. तिन्हीसांजेला दुसऱ्याच्या बांधावर उकिडवा बसून धोंड्यावर लिंबू पिळणारा माणूस पाहिल्यावर आपल्याकडे कुणाच्याही मनात भूगर्भशास्त्र येत नाही. शेजारच्या रानातली म्हातारी घरी जाऊन मिरच्या-मीठ ओवाळते आणि दुसऱ्या दिवशी तिची सून मलावीकरांच्या बायकोला दळणाच्या रांगेत विचारते, ‘वैनी, भाऊजींचं काही चाललंय का आमच्यावर?’

आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो. लिंबाला काय भीक घालणार. फेसाळते ती चुनखडी. ज्या रानात चुनखडी निघते तिथला ऊस पिवळा पडतो, रानाचा भाव उतरतो, सोयरीक जुळवताना तिचा विषय कुणी काढत नाही. मलावीकर मात्र चुनखडीचे खडे डब्यात भरून आणतात, कारण मलावीचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. सामू साधारण 7.7 ते 8.6. चुनखडी हळूहळू विरघळून पाणी तसंच राखते.

खरं तर तिचीही गरज नसते, कारण मलावीकरांच्या बोअरला आधीच तसलं पाणी लागलेलं असतं. ज्या पाण्यानं गीझरची कॉइल वर्षात जाते, बादलीला पांढरा थर बसतो आणि डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्याचं कौतुक करणारा अख्ख्या आळीतला हा एकमेव माणूस. घरच्यांना आरओचं, माशांना बोअरचं. पुण्याचे हौशी लोक पाण्यात पुड्या टाकून पाणी जड करतात हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते ऊसदराचा शेवटचा हप्ता जमा झाल्यावरही आलेलं नसतं.

मांडणीचा दिवस हा घरात वास्तुशांतीसारखा. टाकी चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. म्हणजे अडीचशे लिटर पाणी, वर दगड, शिवाय काचेचं वजन. टाकीखाली थर्माकोल, टाकीच्या आतही तळाला पातळ फोमचा तुकडा, त्यावर आधी मोठे दगड आणि मग वाळू. हा क्रम चुकला तर काय होतं ते मलावीकर प्रत्येकाला समजावून सांगतात. सिक्लिड वाळू उकरतात. वाळूवर दगड ठेवला तर ते खालून उकरून तो पाडतात आणि काच जाते. वाळू किती लागते म्हणाल तर जेमतेम एक पोतं, पण भीमेच्या काठच्या तालुक्यात पोतंभर वाळू आणणं हे पिस्तूल आणण्याइतकंच निरागस समजलं जातं. शेवटी चुलतभावाच्या बंगल्याच्या बांधकामावरून चाळलेली वाळू मिळते, तीही अंधार पडल्यावर.

दगड रचताना तो नैसर्गिक दिसला पाहिजे, ही अट. बांधावर पन्नास वर्षं नैसर्गिकपणे पडलेला दगड टाकीत आला की नैसर्गिक दिसेनासा होतो. मग तो काढ, फिरव, आडवा घाल, पुन्हा काढ. कोपरापर्यंत ओला झालेला माणूस दोन पावलं मागं सरतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, ‘नाही, डावीकडं जड होतंय.’ बारामतीच्या मोरोपंतांनी रामायणाची एकच कथा 108 तऱ्हांनी रचली. मलावीकरांच्या दगडांचा आकडा त्याच्या पुढं गेला असावा, आणि त्यात एकही निरोष्ठ (ओठांना ओठ न लावता म्हणता येणारी) नाही, कारण प्रत्येक रचनेला बायकोच्या तोंडून काही ना काही निघतंच.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं आणि पळसदेवचं बुडालेलं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. माणसं लांबून ते बघायला येतात, शिखराचे फोटो काढतात. मलावीकरही सहकुटुंब जातात. सगळे वर बघत असताना हे एकटे खाली बघतात. पाण्यानं इतकी वर्षं घासून गुळगुळीत केलेला दगड, असा की काय सांगावं! आई लगेच ओळखते. ‘देवळाजवळचा खडासुद्धा उचललास तर मी गाडीत बसणार नाय.’ मलावीकर हात झटकतात, पण गाडीच्या डिकीत रिकामं पोतं कशाला होतं याचं उत्तर त्यांना देता येत नाही.

टाकी लागली की तिच्यात भाऊबंदकी सुरू होते. एकेक नर एकेक कपार धरतो, तिच्यापुढची वीतभर वाळू आपली समजतो आणि ओलांडून येणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. शेजारची कपार रिकामी असली तरी याला हीच हवी, कारण दुसऱ्याला हवी आहे. हे बघून मलावीकरांना घरच्यासारखं वाटतं. त्यांच्या स्वतःच्या बांधाची केस वडिलांपासून चालू आहे. टाकीतली ते एका दुपारी निकाली काढतात. नवे मासे सोडायचे असले की सगळे दगड बाहेर काढायचे, रचना पार बदलायची आणि दिवे घालवून मासे सोडायचे. जुन्या खुणा पुसल्या की जुना दादाही नवखा होतो, सगळ्यांना नव्यानं हद्दी आखाव्या लागतात. याला मलावीकर ‘मोजणी’ म्हणतात. दुसरा उपाय गर्दीचा. मासे मोजके ठेवले तर दादा एकाच्याच मागं लागून त्याला संपवतो. भरपूर ठेवले तर मार वाटला जातो, कुणाच्याच वाट्याला जिवावर बेतेल इतका येत नाही. (फिल्टर मात्र दुप्पट लागतो.) मलावीकर हे इतक्या तन्मयतेनं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस तलाठी व्हायचा राहून गेला.

जेवणाचेही नियम आहेत. डेमासोनी हे शेवाळ खाणारे मासे; जास्त प्रथिनं झाली की पोट फुगून मरू शकतात. म्हणून त्यांना स्पिरुलिना आणि उकळत्या पाण्यातून काढलेला पालक. घरात पालकाची भाजी झाली की नाक मुरडणारा माणूस माशांसाठी कोवळी जुडी निवडून आणतो. पाहुण्यांची पोरं टाकीत फरसाण टाकतात तेव्हा मलावीकरांचा जो आवाज निघतो तो सख्ख्या पोरांनी कधी ऐकलेला नसतो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी एअर पंप, मग बायकोचा मिक्सर, मग जमलं तर पंखा. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगतात आणि आल्या-गेल्याला माठातलं पाणी मिळतं.

एकदा टाकीतल्या मादीनं खाणं सोडलं. गळा फुगलेला, तोंड मिटलेलं. मलावीकरांनी सगळ्या घराला उठवलं. या माद्या अंडी तोंडात धरतात, पिल्लं पोहायला लागेपर्यंत साधारण तीन आठवडे अन्नाला शिवत नाहीत. ‘बघा,’ मलावीकर बायकोकडं वळून म्हणाले, ‘तीन आठवडे तोंड उघडत नाही.’

‘तिच्या तोंडात पोरं आहेत अहो. माझ्या डोक्यावर आहेत.’

पाहुण्यापुढं मलावीकर प्रस्तावना 1859 पासून करतात. त्या साली डेव्हिड लिव्हिंगस्टन या सरोवरावर पोचला. सरोवराला तेव्हा न्यासा म्हणत. सरोवरात चालवायला त्यानं ‘लेडी न्यासा’ नावाची बोट बांधून घेतली, ती सरोवरापर्यंत कधी पोचलीच नाही. मग 1864 साली पठ्ठ्यानं ती चिमुकली बोट हिंदी महासागर ओलांडून थेट मुंबईला आणली आणि इथंच विकून टाकली. पुढच्या सफरीला जाताना त्यानं नाशिकच्या शरणपूर मिशनमधली, गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलं बरोबर नेली. ‘म्हणजे बघा, मलावीचा आणि आपला संबंध किती जुना!’ मलावीकर थांबतात. चहा गार झालेला असतो. पाहुणा मघापासून एकच प्रश्न धरून बसलेला असतो, तो आता विचारतो.

‘खायला चालतात का हे?’

या प्रश्नानं मलावीकर दुखावतात, पण तो प्रश्न या भागात अगदीच अस्थानी नाही. उजनीच्या फुगवट्यात जी चिलापी सापडते, भिगवणला ढिगानं विकली जाते आणि हायवेवरच्या हॉटेलात थाळीत येते, ती तिलापिया. आफ्रिकेचीच, सिक्लिड कुळातलीच. आपल्या देशात ती 1952 साली आणली गेली आणि मग तिनं मागं वळून पाहिलं नाही. जी जात तेव्हा आली तिचं मूळ घर झांबेझीच्या खालच्या अंगाला, आणि मलावी सरोवरातून निघणारी शिरे नदी त्याच झांबेझीला मिळते. तीसुद्धा अंडी तोंडात धरते, तिचा नरही तळाला खड्डा उकरून त्याची राखण करतो. मलावीकरांनी कुर्ल्याहून जिवापाड जपत आणलेल्या कुळाची चुलत शाखा जवळच भिगवणला पाटीत पडलेली असते. भिगवणच्या बाजारात एकदा त्यांनी चिलापी हातात घेतली, अंगठ्यानं तिचं तोंड उघडलं आणि आत अंडी आहेत का ते बघू लागले. विकणारी बाई म्हणाली, ‘भाऊ, घ्यायचीय का नुसतं दात बघायचंत?’

परवा मेहुण्यानं हट्टानं त्यांना भिगवणला जेवायला नेलं. चिलापी फ्राय आली, रस्सा आला, भाकरी आली. मलावीकर ताटाला हात लावीनात. वेटर दोनदा येऊन गेला.

‘काय झालं दाजी?’

‘नाही, म्हणजे... आमच्या माशांची भावकीच की ही. भावकीतलं कसं खायचं?’

मेहुण्यानं तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. ‘दाजी, तुमच्या थोरल्या चुलत्यानं बांधाकडंचं किती गुंठं खाल्लं?’

‘अडीच.’

‘मग?’

मलावीकरांनी जरा विचार केला आणि वेटरला हाक मारली. ‘ए, हे गार झालं. एक फ्राय गरम आण. आणि लिंबू दोन आण, एक पार्सल.’